‘मरणासन्न’ हे विशेषण कोण चिकटवतो?

आज विषय थोडा वेगळा आहे. एका अमेरिकन संगणक कंपनीची बाजू आपण का घ्यायची, असे कोणी विचारेल. बाजू कंपनीची नाही, प्रश्न बातमीच्या न्यायाचा आहे.

१९९६-९७ साली ॲपल कंपनी अडचणीत होती, हे मी नाकारत नाही. त्या दोन आर्थिक वर्षांत तिला १८० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. तोटा छापणे हे वृत्तपत्रांचे कामच आहे. माझा आक्षेप जिवंतपणीच लिहिलेल्या मृत्युलेखांना आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘बिझनेस वीक’ने या कंपनीच्या पतनाची मुखपृष्ठकथा केली. जून १९९७ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाने सफरचंदाच्या चिन्हाला काटेरी मुकुट घालून ‘प्रार्थना करा’ एवढाच शब्द मुखपृष्ठावर छापला. आत कंपनी वाचवण्याचे १०१ उपाय होते. पहिला उपाय काय? यंत्रे बनवण्याच्या धंद्यातून आपण बाद झालो हे कबूल करा! ‘संकटग्रस्त’ हे विशेषण तर कंपनीच्या नावाचाच भाग झाले होते.

याच कंपनीने जून १९९६ मध्ये रोखे विकून ६६ कोटी डॉलर उभे केले होते. पैसे लावणारे होते, मुद्रण, चित्रकला आणि शिक्षण क्षेत्रांत लाखो वापरणारे होते. पण मथळ्यात त्यांना जागा नव्हती.

तेव्हा मी शिकत होतो आणि संध्याकाळी एका छापखान्यात मॅकिंटॉशवर पाने लावत होतो. लग्नपत्रिकांपासून १४ एप्रिलच्या पत्रकांपर्यंत सगळे त्या यंत्राने निमूट करून दिले. दुसरे यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा मालकांनी कात्रण पुढे ठेवले: “अरे, बुडणाऱ्या कंपनीचं मशीन कशाला घ्यायचं?” त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण असे हजारो मालक थांबले की विक्री घटते, प्रोग्रॅम लिहिणारे दुसरीकडे वळतात आणि वृत्तपत्र म्हणते, बघा, आम्ही सांगितलेच होते.

समाजशास्त्रात याला स्वतःला खरे करणारे भाकीत म्हणतात. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली ही संकल्पना मांडताना दोन उदाहरणे दिली. एक, अफवेने बुडालेली बँक. दुसरे, अमेरिकेतले कृष्णवर्णीय कामगार: ते संपफोडे आहेत म्हणून कामगार संघटना त्यांना दारात उभे करत नसत, बाहेर राहिल्यामुळे त्यांना संपाच्या काळात मिळेल ते काम घ्यावे लागे आणि आरोप सिद्ध झाल्यासारखा दिसे. हे वाचताना आपल्याला ‘गुणवत्ता नाही’ हा शिक्का आठवला नाही तरच नवल. आधी संधी नाकारायची, मग निकाल दाखवायचा.

फरक एवढाच की कंपनीकडे भांडवल होते. १९९८ साली आयमॅक आला, त्या आर्थिक वर्षी ३० कोटी डॉलरहून अधिक नफा झाला आणि मृत्युलेख लिहिणारेच आरत्या ओवाळू लागले. ज्या समाजाकडे भांडवल नाही, त्याने शिक्का कसा पुसायचा? बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले ते याच कारणासाठी. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता.

पण एक गोष्ट स्वतःलाही सांगितली पाहिजे. ऑगस्ट १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवल्याची घोषणा बोस्टनच्या सभेत झाली, तेव्हा पडद्यावर बिल गेट्स दिसताच ॲपलच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. मदत करणाऱ्याचीच हुर्यो! ही निष्ठा नव्हे, भक्ती आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. तो इथेही लागू पडतो. माझ्या यंत्राच्या किमती अवाच्या सवा होत्या आणि कंपनीने गोंधळात टाकणारी डझनावारी मॉडेल्स काढली होती, हेही मी लिहिले पाहिजे. तरच माझ्या तक्रारीला वजन येते.

म्हणून आपल्या वस्तीबद्दल, मोर्चाबद्दल बातमी आली की नुसते चिडू नका. पेन घेऊन बसा. तथ्य कोणते, विशेषण कोणते, भाकीत कोणते, हे वेगळे करा. काय वगळले ते शोधा. मग संपादकाला पत्र लिहा, आणि ते छापले नाही तर स्वतः छापा.

जय भीम!