खुणेला खूण जुळली, म्हणून टायमिंग जुळले?

इंजिन बांधताना कॅमशाफ्टचे टायमिंग डिग्री व्हील लावून तपासावे, असे कुणी सुचवले की मुरलेला मेकॅनिक बहुधा एकाच वाक्यात विषय संपवतो: "मग कंपनीने खूण कशाला दिलीय?" क्रँकच्या स्प्रॉकेटवरचा ठिपका कॅमच्या ठिपक्यासमोर आणायचा, चेन चढवायची, कव्हर आवळायचे, झाले टायमिंग. या उत्तरामागे अर्ध्या आयुष्याचा सराव असतो आणि याच रीतीने बांधलेली असंख्य इंजिने रस्त्यावर बिनतक्रार पळतात. त्यामुळे हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेता येत नाही. तरीही तो चुकीचा आहे.

खूण सांगते ती गोष्ट फार थोडी: अमुक दात तमुक दातासमोर आला. व्हॉल्व्ह कितव्या अंशाला उघडेल आणि कितव्या अंशाला मिटेल, हे तिला ठाऊक नसते. ते ठरते चावीच्या गाळ्यावर, स्प्रॉकेटच्या पिनेच्या छिद्रावर, चेनच्या ताणावर आणि कॅमचा लोब किती अचूक घासला आहे त्यावर. या प्रत्येक ठिकाणी थोडी सूट असते. चारही ठिकाणची सूट एकाच दिशेला पडली की खूण तंतोतंत जुळूनही कॅम तीन-चार अंश मागे राहू शकतो. शिवाय कॅमच्या एका फेऱ्यात क्रँकचे दोन फेरे होतात. कॅमवरची एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते.

कंपनीची खूण म्हणजे इंजिनाच्या भल्याचीच खूण, ही समजूत तर इतिहासानेच मोडीत काढली आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत धुरावर निर्बंध आले, तेव्हा फोर्डने आपल्या 460 घनइंची व्ही-एट इंजिनाचे कॅम टायमिंग सुमारे 8 अंश मागे टाकले, तेही स्प्रॉकेटच्या संचातच. ठिपके समोरासमोर, इंजिन मात्र खालच्या फेऱ्यांना मरगळलेले. आजही हे इंजिन नव्याने बांधणारे जाणकार तो संच काढून 'सरळ' टायमिंगचा संच बसवतात.

आपल्याकडचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. मारुती 800 गरम होणे, गॅसकेट उडणे, हेड उतरवून फेसिंगला पाठवणे, हा क्रम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजला नवा नाही. या इंजिनात कॅम हेडमध्येच बसतो आणि पट्ट्याने फिरतो. हेड जेवढे घासले जाते, तेवढा कॅम क्रँकच्या जवळ येतो. पट्ट्याच्या ताठ बाजूची लांबी मात्र तेवढीच राहते, म्हणून कॅम किंचित मागे फिरतो. ओव्हरहेड कॅमच्या कुठल्याही इंजिनात कॅमच्या पुलीची त्रिज्या 60 मिलिमीटर धरली आणि हेड अर्धा मिलिमीटर घासले, तर क्रँकवर जवळजवळ एक अंशाचा उशीर होतो. एका अंशाने काही बिघडत नाही, हे खरे. पण तेच हेड आधी किती वेळा घासले गेले, याची नोंद ठेवतो कोण?

उलट टोकाचा पक्ष तर जास्त धोक्याचा. तो म्हणतो, "चार अंश पुढे टाका, पिकअप वाढतो." यात अर्धे सत्य आहे. कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो, सिलिंडरमध्ये भरलेले मिश्रण परत मागे ढकलले जात नाही आणि कमी फेऱ्यांना ताकद वाढते. मागे घेतला की वरच्या फेऱ्यांना फायदा. मात्र बाजारातले बरेच कॅम मुळातच चार अंश पुढे घासलेले असतात. त्यावर चार अंशांची चावी घालणारा प्रत्यक्षात आठ अंश पुढे गेलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. "एक दात सरकवून बघू" ही तर सुधारणा नव्हेच. 20 दातांच्या क्रँक स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे 18 अंश!

मग करायचे काय? मोजायचे. आणि मोजणीची सुरुवात पिस्टनच्या खऱ्या वरच्या टोकापासून, म्हणजे टीडीसीपासून. इथेच पुष्कळ जण फसतात, कारण डायल गेजचा काटा थांबला की टीडीसी आला असे ते मानतात. झोका वरच्या टोकाला क्षणभर थबकतो, तसा पिस्टनही तिथे रेंगाळतो. शेव्हरोलेटच्या 350 घनइंची इंजिनाचा स्ट्रोक 88 मिलिमीटरच्या आसपास. टीडीसीच्या दोन्ही बाजूंना क्रँक एकेक अंश फिरवला तरी पिस्टन मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही हलत नाही. म्हणून पिस्टन स्टॉप लावायचा, क्रँक दोन्ही दिशांनी त्याला टेकेपर्यंत फिरवायचा आणि डिग्री व्हीलवरच्या दोन आकड्यांचा मध्य घ्यायचा. तो खरा टीडीसी.

पुढची पायरी लोबची. समजा, कॅमच्या कार्डावर इनटेकचा मध्य 106 अंश छापला आहे. टॅपेटवर डायल गेज लावून शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे 0.050 इंच खाली काटा असताना आकडे घेतले, ते टीडीसीनंतर 72 आणि 148 आले. मध्य 110. म्हणजे ठिपके जुळूनही कॅम चार अंश उशिरा. आता स्प्रॉकेटची दुसरी चावी, ऑफसेट बुश किंवा ॲडजस्टेबल पुली वापरून दुरुस्ती करायची आणि पुन्हा मोजायचे. लोबच्या दोन बाजू सारख्या नसतील तर हा मध्यही दगा देतो; तेव्हा 0.050 इंच लिफ्टला व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे अंशच कार्डाशी ताडलेले बरे. हायड्रॉलिक टॅपेट दाबाखाली बसतो, म्हणून मोजताना त्याच्या जागी भरीव टॅपेट घालावा लागतो. आणि आकडे घेताना क्रँक फिरवायचा तो एकाच दिशेने, नाहीतर चेनची ढिलाई आकड्यांत शिरते.

"आता हे सगळे संगणक बघतो," हा नवा आक्षेप. खरे आहे, आल्फा रोमिओने 1980 मध्येच स्पायडर गाडीत बदलते कॅम टायमिंग आणले. पण संगणक पुढे-मागे करतो तो मूळ जागेपासून, आणि मूळ जागा माणूसच बसवतो. फोर्डच्या झेटेक इंजिनात तर कॅमच्या पुलीला चावीच नाही. कॅमच्या मागच्या खाचेत पट्टी अडकवून दोन्ही कॅम जखडल्याशिवाय पुली आवळताच येत नाही. तिथे ठिपक्याचा भरवसा कारखान्यानेच सोडला.

मूळ कॅम, मूळ स्प्रॉकेट, न घासलेले हेड असे इंजिन फक्त रिंगा-बेअरिंगसाठी उघडले असेल, तर खूण पुरेशी आहे. तिथे डिग्री व्हीलचा आग्रह म्हणजे हौस. कॅम बदलला, हेड घासले किंवा पिस्टन उंच घातले, की ही सवलत संपते. कारण मग प्रश्न नुसत्या पिकअपचा उरत नाही. कॅम पुढे घेतला तर इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, मागे घेतला तर एक्झॉस्ट. इनटेकला साधारण 2 आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर मोकळी जागा राहिली आहे का, हे पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून, हेड आवळून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पाहता येते. या तपासणीला एक दुपार जाते. वाकलेले व्हॉल्व्ह आणि फुटलेला पिस्टन बदलायला किती जातात, हे त्याच मेकॅनिकला विचारावे.