वर सरकवले म्हणजे बंद झाले काय?

हल्ली आपल्या महाविद्यालयात एक नवीच स्वच्छता मोहीम सुरू झालेली दिसते. तास संपला की मोबाईल बाहेर निघतो. अंगठा पडद्याच्या तळापासून वर ओढला जातो, उघडलेली अ‍ॅप्स पत्त्यांसारखी ओळीने समोर येतात आणि मग एकेक पान वर भिरकावले जाते. कोणी एवढा त्रासही घेत नाही, सरळ 'क्लिअर ऑल'वर बोट टेकवतो. चेहऱ्यावर समाधान असे, की जणू घरातला केरच काढला! यात केवळ विद्यार्थीच आहेत असे नाही. गुरुजनवर्गातही ही झाडलोट मोठ्या निष्ठेने चालते, आणि "उघडी ठेवू नकोस गं, बॅटरी खातात ती," हा उपदेश तर आता घरोघरी ऐकू येतो.

या झाडलोटीने साधते काय? माझे मत स्पष्टच सांगते. बॅटरीच्या दृष्टीने बहुतेक वेळा काहीही साधत नाही. उलट, जे खरोखर बंद करायला हवे ते आपण बंद केले आहे अशी खोटी समजूत तेवढी होते. पहिल्या गोष्टीत नुकसान थोडे आहे, दुसरीत मात्र पुष्कळ आहे.

प्रथम बॅटरीचा हिशेब पाहू. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, तेव्हा उदाहरणही बाजाराचेच देते. रविवार पेठेतील एखादे किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. रोज खपणारा माल हाताशी फळीवर असतो, बाकीचा मागे गोदामात. फोनमध्येही अशाच दोन जागा आहेत. अ‍ॅप कायमचे राहते ते गोदामात, म्हणजे स्टोरेजमध्ये. आपण ते उघडले की त्याची फळीवर, म्हणजे रॅममध्ये मांडणी होते. या हमालीला वीज लागते. मग आपण दुसऱ्या अ‍ॅपवर गेलो, की पहिले बहुधा काम थांबवून जागच्या जागी गोठून बसते. फळी भरलेली असो की रिकामी, रॅमला वीज जवळजवळ तेवढीच लागते. मग प्रत्येक गिऱ्हाईक गेल्यावर साखरेचे पोते गोदामात नेऊन टाकायचे आणि पुढचे गिऱ्हाईक आले की पुन्हा ओढून आणायचे, याला व्यापार म्हणायचे काय? दिवसातून वीस वेळा उघडायचे अ‍ॅप वीस वेळा भिरकावणारा नेमके हेच करतो.

फळी भरली तर? त्याची काळजी फोनची यंत्रणा स्वतःच वाहते. जे अ‍ॅप बराच वेळ वापरात नाही आणि ज्याची निकड कमी, ते ती आपण होऊन काढून टाकते. पडद्यावर असलेल्याला ती सर्वांत शेवटी हात लावते.

हे मी पदरचे सांगत नाही. मार्च 2016 मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपल कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून विचारले होते, की आपण स्वतः वरचेवर अ‍ॅप्स बंद करता का, आणि बॅटरीसाठी तसे करणे जरूर आहे का? कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दोन्ही प्रश्नांना 'नाही' असे उत्तर दिले. त्याच सुमारास अँड्रॉइडचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही याच अर्थाचे मत जाहीर केले. सवय मात्र जुनीच राहिली. 2008 साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम अवघी 192 एमबी होती. त्या दिवसांत पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अ‍ॅप्सवर फारसा अंकुशही नव्हता. पुढे 2015 च्या आणि 2017 च्या अँड्रॉइडमध्ये तो अंकुश यंत्रणेतच घातला गेला. आजार ओसरला, पण औषधाची सवय सुटली नाही.

बॅटरी खरी खर्च होते ती पडद्याच्या उजेडावर, सतत चालू असलेल्या नकाशावर आणि अशक्त रेंजवर. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून बसने येणाऱ्या मैत्रिणीचा फोन सकाळीच अर्धा उतरलेला असतो. रेंज हरवली की फोन मनोऱ्याचा शोध घेत राहतो आणि त्या शोधातच तो दमतो. तिने कितीही पाने भिरकावली तरी त्यावर इलाज होणार नाही.

मग बंद करूच नये काय? तसे नाही. एखादे अ‍ॅप अडकून बसले, तर ते काढून पुन्हा उघडावे. मुक्कामी पोहोचल्यावरही नकाशा वाट सांगत राहिला, तर तो जरूर थांबवावा. आणि आपण काय पाहत होतो हे घरच्यांना दिसू नये म्हणून कोणी पाने साफ करत असेल, तर त्याचे प्रयोजन निराळे. त्यावर मी बोलत नाही! मात्र काही कंपन्यांच्या फोनांत पान भिरकावले की अ‍ॅप पुरतेच ठप्प होते. मग वर्गाच्या ग्रुपवर आलेली परीक्षेची सूचना, आपण स्वतः ते अ‍ॅप उघडेपर्यंत, आपल्याला कळतच नाही.

आता दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट. 'बंद' हा शब्द आपल्या भागात मोठा कामसू आहे. मराठीत 'बंद कर', आपल्याकडच्या कन्नडमध्ये 'बंद माडु'. दिवा बंद, दुकान बंद, खाते बंद, बोलणे बंद! पण या एका शब्दाच्या पोटात फोनवरच्या निदान चार वेगळ्या क्रिया दडल्या आहेत. पान वर सरकवणे ही एक. लॉग आउट करणे ही दुसरी. दिलेली परवानगी काढून घेणे ही तिसरी. आणि पैशांचा करार रद्द करणे ही चौथी. आपण पहिली करतो आणि चारही झाल्या असे समजतो. दुकानाचे शटर ओढले म्हणून भाडे थांबत नाही, हे व्यापाऱ्याला कळते. आपल्याला ते फोनच्या बाबतीत कळू नये?

उदाहरणे रोजचीच आहेत. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी तिथल्या संगणकावर आपण आपले व्हॉट्सअ‍ॅप उघडतो. काम झाले की खिडकीची फुली दाबून निघून येतो. पण खिडकी गेली तरी जोडणी तशीच राहू शकते, आणि मागाहून बसणाऱ्याला आपले निरोप वाचता येतात. ती जोडणी आपल्या फोनमधील 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन तोडावी लागते. 2020 आणि 2021 मध्ये ऑनलाइन तासांसाठी कितीतरी घरांत भावंडांनी एकच फोन वापरला, आणि आजही अनेक घरांत तो सामाईकच आहे. अशा फोनवर पान सरकवून उठणे म्हणजे कपाट लोटून घेणे, पण किल्ली कुलपालाच ठेवणे.

पैशांचे तर विचारूच नका. पहिला महिना फुकट म्हणून एखादे अ‍ॅप घेतले, यूपीआयच्या ऑटोपेला संमती दिली आणि पुढे कंटाळून अ‍ॅपच काढून टाकले. तरी दरमहा पैसे जातच राहू शकतात. कारण संमती अ‍ॅपच्या चित्रात नसते, ती बँकेकडे नोंदलेली असते. ती यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे भागात जाऊन रद्द करावी लागते. तसेच पैसे पाठवताना चक्र फिरत राहिले, की काही जण घाबरून अ‍ॅप भिरकावतात आणि पुन्हा तीच रक्कम पाठवतात. अ‍ॅप दिसेनासे झाले तरी व्यवहार बँकांच्या यंत्रणेत गेलेला असू शकतो. मग मेसचे पैसे दोनदा जातात. आधी व्यवहारांची यादी पाहावी, खात्यातली शिल्लक पाहावी, मगच दुसऱ्यांदा बोट लावावे.

एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर जाण्यातही एक मेख आहे आणि ती गरिबाच्या फोनला अधिक बोचते. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज भरत आणला, ओटीपी आला, तो पाहायला संदेशांच्या अ‍ॅपमध्ये गेलो आणि परत येतो तो अर्जाचे पान नव्याने उघडलेले, भरलेले सारे गेलेले! फळी लहान, म्हणून यंत्रणेने पान उचलून टाकले. अशा वेळी अ‍ॅप न सोडता पडद्याच्या वरच्या कडेवरून सूचनांची पट्टी खाली ओढावी आणि ओटीपी तिथेच वाचावा. आणि एवढ्या मोठ्या अर्जाला बसण्यापूर्वी इतर अ‍ॅप्स काढून फळी मोकळी केली, तर ती झाडलोट मात्र शहाणपणाची.

हे सारे कोणी शिकवत नाही. आपण एकमेकांचे अंगठे पाहून शिकतो. खानापूर, चंदगड भागातून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या हाती स्वतःचा पहिला फोन येतो तो महाविद्यालयात पाऊल टाकताना, आणि त्याच वर्षी प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती ही सारी कामे त्यांना त्या फोनवरच करावी लागतात. म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. प्रथम वर्षाच्या मुलामुलींसाठी वर्षारंभी एक तास ठेवावा. अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये. शिकवायला बाहेरून कोणी विद्वान नको, वरच्या वर्गातील दोघे-चौघे पुरेत. त्या तासात लॉग आउट, परवानग्या आणि ऑटोपे ही तीन दारे प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर शोधून उघडून पाहावीत. प्राचार्यांनी परवानगी दिली, तर मराठी तुकडीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. कन्नड विभागातील मित्रांपैकी कोण पुढे येते?