बॉनेटवर हात ठेवून

गेल्या हिवाळ्यात मी इंग्लंडात लेकीकडे होते. कॉव्हेंट्रीला. सकाळी साडेआठला उजाडायचं आणि चारला दिवेलागण, त्यामुळे माझा मुक्काम बहुतेक स्वयंपाकघरात नाहीतर खिडकीशी. अशा दिवसांत नातीने जाहीर केलं की ती गाडी घेणार आहे. साधी नाही, स्पोर्ट्स कार! दोनच माणसांची, छत मागे दुमडणारी, आणि तीही तिच्याच वयाच्या आसपासची जुनी.

नात सव्वीस वर्षांची, इस्पितळात नोकरी करते. रात्रपाळ्या करून तीन वर्षांत तिने जे साठवलं त्यातले साडेपाच हजार पौंड या गाडीसाठी बाजूला काढले होते. माझ्या जावयांना ही उधळपट्टी वाटत होती. मला तसं वाटलं नाही. स्वतःच्या कमाईने माणसाने एखादी हौस करावी. माझं म्हणणं वेगळंच होतं आणि तेच आज सांगायचं आहे.

गाडी कोणती, तर माझदा कंपनीची एमएक्स-फाइव्ह. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली. जुन्या ब्रिटिश टू-सीटर गाड्या दिसायला देखण्या, पण तेल गळणाऱ्या आणि रुसणाऱ्या. तीच मजा भरवशाच्या जपानी यंत्रात द्यायची, ही तिच्यामागची कल्पना. वजन टनाच्या आत, ताकद बेताची, पण वळणावर चालवणाऱ्याचं ऐकणारी. पहिल्या पिढीच्या गाडीचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात आणि बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर येतात. नातीचा जीव त्या डोळ्यांवरच जडला होता. २०१६ साली या गाडीने दहा लाखांचा आकडा गाठला. म्हणजे जुन्या गाड्या बाजारात अजून बऱ्याच आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण 'ही गेली तर दुसरी मिळणार नाही' ही विकणाऱ्याची भाषा झाली.

पहिली गाडी बघायला आम्ही तिघी गेलो. लाल, चकचकीत. विकणारा तरुण अतिशय गोड बोलणारा. सकाळचे नऊ, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि गाडी दारात सुरूच होती. 'तुमच्यासाठी गरम करून ठेवली,' म्हणाला. मी बॉनेटवर हात ठेवून बघितला, पोराच्या कपाळावर ताप बघावा तसा. चांगलंच तापलेलं होतं. पाच-दहा मिनिटांचं काम नव्हतं ते.

गाडीत जागा दोनच. नात चालवायला आणि तो शेजारी. आम्ही मायलेकी फुटपाथवर. त्याने ठरवलेल्या रस्त्याने, रेडिओ लावून, दहा मिनिटांत दोघं परत आले. नातीचा चेहरा फुललेला. 'आजी, काय चालते गं!' मी विचारलं, ब्रेक कसे आहेत? म्हणाली, चांगलेच असतील, जोरात दाबायची वेळच आली नाही. दुसरा गिअर? लक्ष नव्हतं. मग त्या तरुणाने सांगितलं की दुपारी आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे, पाचशे पौंड ठेवलेत तर त्याला नाही म्हणतो.

मी म्हटलं, आम्ही उद्या सकाळी पुन्हा येऊ, तेवढं आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. त्याला ते आवडलं नाही. नातीला तर मुळीच नाही. परतताना ती एक शब्द बोलली नाही. घरी लेक म्हणाली, 'आई, इथे असा संशय घेत नाहीत. तो बिचारा इतकं नीट वागला.'

खरं सांगायचं तर त्याच्या मनात काही नसेलही. पण नीट वागण्याचा आणि गाडी नीट असण्याचा संबंध काय? हा प्रश्न मला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं छळतो आहे.

१९७७ सालची गोष्ट. नवी स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, असा तो काळ. जुनीलाच नव्यापेक्षा जास्त भाव. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी स्कूटर काढली. चांगलं घर, जाणं-येणं असलेलं. त्यांनी चहा दिला, पोहे दिले. ह्यांनी स्कूटरला एक किक मारली, आवाज ऐकला आणि पैसे मोजले. चालवून बघू का, असं विचारायची भीड वाटली. 'ते म्हणतील, आमच्यावर विश्वास नाही का!' तिसऱ्या आठवड्यात एका साध्या वळणावर स्कूटर ओढली जाऊन आडवी झाली. पुढे चार वर्षांची लेक उभी होती. मेकॅनिकने नंतर सांगितलं की पुढचा भाग आधीच्या अपघातात वाकलेला होता, पाचशे पावलं चालवली असती तरी हँडलला कळलं असतं. लेकीच्या हनुवटीला पाच टाके पडले. ह्यांनी त्या गृहस्थांना कधी बोल लावला नाही. पण त्यानंतर ह्यांनी तिला कधी पुढे उभं केलं नाही, आणि वर्षभरात स्कूटर विकून टाकली. विकताना घेणाऱ्याला आधी अपघाताचं सांगितलं आणि मग भाव सांगितला.

त्या रात्री हे मी नातीला सांगितलं. आईच्या हनुवटीवरची खूण ती लहानपणापासून बघत आलेली, पण शाळेच्या मैदानात पडल्याची खूण असं तिला वाटत होतं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने फोन घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. 'आजी, इथे गाडीचं प्रगतिपुस्तक बघता येतं, बघूया?'

खरोखरच प्रगतिपुस्तक हो! ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी द्यावी लागते, आणि नंबर टाकला की निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. पास, नापास, त्या वेळचे मैल आणि तपासणाऱ्याचे शेरे. लाल गाडी दोन वर्षांपूर्वी गंजामुळे नापास झालेली. दाराखालची पट्टी, मागच्या चाकाजवळ. चार दिवसांनी पास. कोणी दुरुस्त केली, कशी केली, याबद्दल त्या गोड तरुणाने अवाक्षर काढलं नव्हतं. या जुन्या एमएक्स-फाइव्हचं हेच ठरलेलं दुखणं. छतावरचं पाणी वाहून जायच्या नळ्या तुंबतात, पाणी त्या पट्टीत साचतं, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. वरून रंग झकास आणि आतून चाळण.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. त्याऐवजी नातीने वही घेतली आणि आम्ही परीक्षेचं वेळापत्रक करावं तशी पुढच्या गाड्यांची तयारी केली. माझं मत असं आहे की टेस्ट ड्राइव्ह म्हणजे फेरफटका नव्हे, ती तोंडी परीक्षा आहे. आणि परीक्षेत प्रश्न परीक्षकाने काढायचे असतात. वेळ विकणाऱ्याची, रस्ता विकणाऱ्याचा, बोलणंही त्याचंच, मग आपण तिथे गेलो कशाला?

म्हणून फोनवरच चार गोष्टी ठरवून घ्यायच्या. एक, इंजिन थंड हवं. थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. गाडीच्या मागे एकाने उभं राहायचं (हे काम माझं). थंडीत पांढरी वाफ दिसते, ती चालते. निळसर धूर राहिला तर इंजिन तेल पितं आहे. दोन, विमा. नातीच्या विम्यात दुसऱ्याची गाडी चालवायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी ती विम्याशिवाय चालवून आली होती हे कळल्यावर लेकीला घाम फुटला! तिकडे तासाभराचा, दिवसाचा तात्पुरता विमा फोनवर काढता येतो. तीन, कागद. नोंदणीच्या कागदावरचं नाव-पत्ता आणि आपण जिथे उभ्या आहोत तो पत्ता एकच हवा. अर्थात तो कागद मालकीचा पुरावा नव्हे, गाडीवर कर्ज आहे का ते वेगळं तपासायचं. चार, रस्ता आपला आणि वेळ निदान अर्धा तास. त्यात खडबडीत गल्ली हवी, चढ हवा, राउंडअबाउट हवा आणि वेगाने जायचा मोठा रस्ता हवा. मागे कोणी नाही असं बघून सरळ रस्त्यावर एकदा ब्रेक जोरात दाबायचा, गाडी एका बाजूला ओढते का बघायचं. रेडिओ बंद.

दोन माणसांच्या गाडीत आणखी एक पेच. शेजारी विकणारा बसला की आपलं माणूस बाहेर. अनोळखी माणसाबरोबर एकट्या मुलीने जाणं मला पसंत नव्हतं. आणि विकणाऱ्याचीही बाजू आहेच. गाडी घेऊन पसार होणारे काय कमी असतात? त्याने लायसन्स मागितलं, विम्याचा कागद मागितला, तर त्यात अपमान कसला? उलट जो काहीच विचारत नाही त्याचाच मला जास्त संशय येतो.

दुसरी गाडी निळी. इंजिन छान, पण मागच्या चाकाजवळ रंगाला फोड आलेले आणि पायाखालचा गालिचा ओला. नातीने ती पंचवीस मिनिटं चालवली आणि आपणहून 'नको' म्हणाली. तरी त्या फेरीचा फार उपयोग झाला. चांगला गिअर हाताला कसा लागतो ते तिला कळलं. ही गाडी इतकी बुटकी की ट्रकशेजारी आपण त्याच्या चाकांना न्याहाळत बसतो, हेही कळलं. रात्रपाळीहून दमून येताना हे आपल्याला झेपेल का, हा विचार तिने तेव्हा पहिल्यांदा केला. मला वाटतं पहिली फेरी गाडीची नसतेच, आपली असते. आणि एकच गाडी चालवून ती घेणं म्हणजे एकाच मुलाचा पेपर तपासून त्याला पहिला नंबर देणं.

तिसरी हिरवी. एका निवृत्त गृहस्थांची, माझ्याच वयाचे असतील. बॉनेट बर्फासारखं गार. सुरू केल्यावर इंजिनातून टिकटिक आवाज आला. त्यांनीच सांगितलं, ही या इंजिनाची खोड आहे, तेल चढलं की थांबेल. थांबली. गरम होईपर्यंत दुसरा गिअर जरा कुरकुरेल, घाई करू नका, हेही त्यांनीच सांगितलं. लायसन्स बघितलं, विमा बघितला. मग शेजारी कोण बसणार असा प्रश्न आला, तेव्हा लेक म्हणाली, आमची गाडी आणि आमच्या आई दोन्ही तुमच्याकडे ठेवून जातो. मी तारण! चाळीस मिनिटं मी त्या गृहस्थांच्या घरात साखर नसलेला चहा पीत बसले. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्यांनी टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती काढून दाखवली ती मला वाचता आली.

मायलेकी परत आल्या तेव्हा नात लाल गाडीच्या वेळेसारखी नाचत नव्हती. वहीत लिहीत होती. ब्रेक सरळ, काटा मधोमध, खडबडीत रस्त्यावर मागून एक खडखड. तिने विचारलं, गॅरेजमध्ये वर उचलून खालून बघितलं तर चालेल का? चालवून खालचा गंज कळत नाही, ते काम गॅरेजवाल्याचंच. गृहस्थ म्हणाले, जरूर. डाव्या पट्टीला गंज सुरू झालेला निघाला. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाला. कोणीही कोणावर रागावलं नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप घरगुती विक्रेत्याकडे कशाला, दुकानातून घ्या. तिथे २०१५ च्या ग्राहक कायद्याने सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते, हे खरं. घरगुती व्यवहारात तेवढं संरक्षण नाही, हेही खरं. पण कायदा पैसे परत देतो, टाके घालून घ्यावे लागतात ते आपल्यालाच. दुकानातली असली तरी चालवून बघायचीच.

आपल्याकडे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं एक खूळ आहे. मी चौतीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले, कोणत्याही मुलाला त्यात अविश्वास वाटला नाही. मग मोठ्यांनाच का वाटावा? तुमच्या घरात कोणी जुनं वाहन घेत असेल, अगदी शेजारच्या काकांची मोपेड का असेना, तर भीड बाजूला ठेवून आधी चालवून बघा. काका चांगलेच असतील. मोपेडचं मोपेडला विचारा.

निघायच्या आदल्या दिवशी नातीने मला त्या हिरव्या गाडीतून फिरवलं. छत उघडून, दोन शाली गुंडाळून. आत बसायला वाकताना गुडघे बोलले आणि बाहेर यायला लेकीने हात दिला. गाडी थांबवताना नातीने बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली.