जीवाणूचे बाह्यकवच आणि विषाणूचा प्रवेश

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचे संकट आता आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर पोहोचले आहे. एका जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंचा संबंध अशा संसर्गांशी होता; त्यांपैकी सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या प्रतिरोधामुळे ओढवले. हे मृत्यू २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी घटविण्याचा संकल्प संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये केला. नवी प्रतिजैविके मात्र संथ गतीने येत आहेत. त्यामुळे जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा, म्हणजेच बॅक्टेरिओफाजचा, शंभर वर्षांपूर्वीचा पर्याय पुन्हा चर्चेत आला आहे.

या विषयाशी भारताचा संबंध जुना आहे. गंगा आणि यमुना या नद्यांच्या पाण्यात पटकीचे जंतू नष्ट होतात, पण तेच पाणी उकळल्यास हा गुण नाहीसा होतो, असे निरीक्षण अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये नोंदविले होते. फेलिक्स द हेरेल यांनी १९१७ मध्ये या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिले आणि १९२७ मध्ये भारतात येऊन पटकीवर त्यांचे प्रयोग केले. पुढे प्रतिजैविकांच्या यशामुळे हा मार्ग बहुतेक देशांत मागे पडला.

हा उपाय कधी लागू पडतो आणि कधी फसतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी जीवाणूच्या पृष्ठभागावर दडलेले आहे. तेथील शर्करांच्या साखळ्या आणि प्रथिने यांना आपली रोगप्रतिकारक शक्ती ‘प्रतिजन’ म्हणून ओळखते. यांपैकीच काही रेणूंना चिकटून विषाणू जीवाणूत आपले जनुकीय द्रव्य सोडतो. तो रेणू नसेल, बदललेला असेल किंवा जाड आवरणाखाली झाकलेला असेल, तर विषाणूला प्रवेश मिळत नाही.

पटकीचे उदाहरण बोलके आहे. बांगलादेशातील रुग्णांत आढळणारा आयसीपी-१ हा विषाणू पटकीच्या जंतूवरील ओ-१ या प्रतिजनाला चिकटतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले, की हा प्रतिजन घडविणाऱ्या दोन जनुकांत एखादे अक्षर कमी-अधिक झाले, तरी प्रतिजनाची घडण बिघडते आणि जंतू या विषाणूपासून बचावतो. मात्र असे जंतू उंदरांच्या पिलांच्या आतड्यात नीट तग धरू शकले नाहीत. बचावाची किंमत त्यांना रोगकारक शक्ती गमावून मोजावी लागली.

तथापि, हा सौदा दरवेळी जंतूला महाग पडतोच असे नाही. आयसीपी-२ हा दुसरा विषाणू पृष्ठभागावरील एका प्रथिनाचा आधार घेतो. हैतीतील एका रुग्णाच्या नमुन्यात या प्रथिनात अल्पसा बदल झालेले जंतू आढळले. ते विषाणूला दाद देत नव्हते, आणि तरीही त्यांची संसर्गक्षमता बऱ्याच अंशी टिकून होती. म्हणूनच विषाणू कोणत्या रेणूला चिकटतो, हा प्रश्न उपचाराच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

निसर्गात याहून मोठे बदलही घडतात. १९९२ मध्ये तत्कालीन मद्रास येथे प्रकट झालेल्या ओ-१३९ या पटकीच्या जंतूने ओ-१ चे प्रतिजनच टाकून देऊन नवे धारण केले होते. जुन्या जंतूमुळे लोकांच्या शरीरात निर्माण झालेली प्रतिकारशक्ती त्याच्यापुढे अपुरी पडली आणि प्रौढांनाही मोठ्या संख्येने लागण झाली. ओ-१ शी जखडलेल्या विषाणूंनाही असा जंतू दाद देत नाही.

रुग्णालयांतील संसर्गांतही हेच तत्त्व दिसते. क्लेब्सिएला जीवाणूच्या शर्करायुक्त आवरणाचे सत्तरांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत आणि त्याच्यावरील पुष्कळ विषाणू एखाद-दुसऱ्या प्रकारावरच चालतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानीबाबत २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आशादायक निष्कर्ष मांडला. विषाणूपासून वाचण्यासाठी ज्या जंतूंनी आवरण टाकले, ते काही प्रतिजैविकांना आणि रक्तातील संरक्षक प्रथिनांना पुन्हा बळी पडू लागले.

यातून धोरणासाठी स्पष्ट बोध मिळतो. विषाणू-उपचार हे सर्वांना सारखे लागू पडणारे औषध नव्हे. रुग्णाच्या जंतूचा पृष्ठभाग आधी तपासणे, विविध विषाणूंचा संग्रह हाताशी ठेवणे, निरनिराळ्या रेणूंना चिकटणारे विषाणू एकत्र वापरणे आणि जोडीला योग्य प्रतिजैविक देणे, ही या उपचाराची पूर्वअट आहे. त्यासाठी जिल्हा पातळीपर्यंत सक्षम प्रयोगशाळा आणि सुस्पष्ट नियम हवेत. ही तयारी न करता सरसकट वापर सुरू झाला, तर प्रतिजैविकांच्या बाबतीत झालेली चूक आपण नव्या औषधाबाबत पुन्हा करू.