केंद्रप्रमुखाचा निकाल शेतात लावा



कृषी विज्ञान केंद्र म्हणजे शेतकऱ्याचे बिनपदवीचे कॉलेज. पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत निघाले. आज देशात सातशेहून अधिक आहेत. करून पाहा आणि शिका, ही त्यांची रीत. असे कॉलेज चालवणारा प्रमुख कामाचा की बिनकामाचा, हे ठरवायचे कसे?

वार्षिक अहवाल सांगतो : प्रशिक्षणे इतकी, उपस्थिती इतकी, प्रात्यक्षिके इतकी. सोबत फोटो. हा वखराच्या पाळ्यांचा हिशेब झाला. तण गेले की नाही, ते त्यात नाही.

२०१७ चा हंगाम आठवा. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडे पोखरली आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फरदड घेऊ नये, कामगंध सापळे लावावेत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, हे ज्ञान त्याआधीही होते. ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्यापर्यंत ते पोचले नाही. ज्ञान वेळेवर, योग्य माणसाच्या हाती देणे यालाच आम्ही व्यवस्थापन म्हणतो.

म्हणून प्रमुखाला चार प्रश्न विचारावेत.

एक, प्रशिक्षण कधी झाले? ज्वारीची काणी रोखायला किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक पुरते. पण हे पेरणीनंतर सांगून काय उपयोग?

दोन, प्रात्यक्षिक कुणाच्या रानात? विहिरीवरच्या काळ्या जमिनीत, की कोरडवाहू मुरमाड जमिनीत?

तीन, फवारणी करणारे मजूर आणि कापूस वेचणाऱ्या बाया प्रशिक्षणाला होत्या का?

चार, दोन हंगामांनंतर किती जण ती पद्धत पाळतात, हे कुणी गावात जाऊन पाहिले का?

न्यायही हवा. पदे रिकामी असतील, निधी उशिरा येत असेल, तर तो दोष प्रमुखाच्या माथी मारू नये. कापसाचा भाव पडला म्हणून त्याला नापास करू नये. हाती होती ती माणसे, गाडी आणि वेळ त्याने कुठे लावला, तेवढेच तपासावे.

केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत शेतकऱ्यांना जागा असते. तिथे नुसता चहा घेऊन सही करून येणारा प्रतिनिधी आपल्या कामाचा नाही. जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावाची चार उत्तरे लिहून आणा. ती समितीपुढे ठेवू आणि इतिवृत्तात नोंदवून घेऊ.