‘मिस्टरांना पाठवा!’

“ताई, तुम्ही राहू द्या. मिस्टरांना फोन करायला सांगा.”

गाडी हिच्या नावावर, कर्ज हिच्या नावावर, हातातल्या पाटल्या गेल्या त्याही हिच्याच. पण इंजिन का बसलं हे ऐकून घ्यायला मिस्टर हवेत! मिस्टर वारले, असं सांगितल्यावर पलीकडचा म्हणतो, “मग भाऊ वगैरे कुणी?”

ही श्रीवर्धनची बाई. तक्रार चालू आहे म्हणून नाव देत नाही. सुकी मासळी घेऊन म्हसळ्या-माणगावच्या बाजाराला जाते. एसटीत टोपलीवरून रोजची बोलणी खाऊन कंटाळली आणि बचत गटाचं कर्ज काढून नवी मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून २ लाख ४० हजारांना जुनी व्हॅन घेतली. सोबत एक वर्षाच्या वॉरंटीचं गुळगुळीत कार्ड. चौथ्या महिन्यात म्हसळ्याच्या अलीकडच्या चढावर इंजिन तापलं आणि बसलं. गावातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून दाखवलं, रेडिएटरला जुनंच ठिगळ होतं.

व्यापाऱ्याने नकार दिला तो हप्त्याहप्त्याने. आधी म्हणे, गाडी खाऱ्या हवेत वापरली. विक्रीच्या कागदावर पत्ता श्रीवर्धनचा लिहिताना हवा गोडी होती काय? मग म्हणे, सर्व्हिसिंग आमच्या केंद्रात केलं नाही. ते केंद्र नवी मुंबईत. जाऊन-येऊन बाजाराचा एक दिवस बुडतो आणि पेट्रोल वेगळं. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण गिऱ्हाईक होतं ते सांगायला नको.

तिसरं कारण मात्र नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात कायद्याचा आधार असल्याचा आव आहे. “तुम्ही धंद्यासाठी वापरली, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही.” ‘व्यापारी हेतू’ने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्याच्या बाहेर, हे खरं. पण पुढचं वाक्य व्यापारी सांगत नाही. १९९३ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच खुलासा आहे, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तो आहे: स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू हा व्यापारी हेतू नव्हे. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षावाल्याचं उदाहरण देऊन हेच सांगितलं. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक आहे, एक-दोघांची मदत घेतली तरी ग्राहकच. वाहन सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती दिलं तर मात्र नाही.

इथे बायकांसाठी फास आहे. व्हॅन चालवतो हिचा भाचा, कारण हिला कुणी गाडी शिकवलीच नाही. मासळी ती विकत घेते, वाळवते, मापते, विकते, उधारी वसूल करते. पण ‘स्वतः’ म्हणजे स्टिअरिंगवरचा हात, असा अर्थ लावला तर तिचे सगळे कष्ट एका फटक्यात अदृश्य! घरात बाईचं काम दिसत नाही म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडतो. तेच न दिसणं इथे वकिलाच्या कामाला येणार आहे. आमचं म्हणणं सरळ आहे: तिचा धंदा मासळीचा आहे, वाहतुकीचा नव्हे. व्हॅन हे तिचं अवजार आहे आणि भाचा मदतनीस.

आता थोडं आपल्याविषयीही. तिचा प्रश्न मंडळाच्या बैठकीत आला तेव्हा एक कार्यकर्ती म्हणाली, “हे ग्राहक पंचायतीचं काम, आपलं नाही.” मारहाण, हुंडा, पोटगी, दारू हे आपलं, आणि गाडीचं इंजिन म्हणजे मध्यमवर्गाची खरेदी? मीही आधी मान डोलावली होती, कबूल करते. पण बाईला कर्ज काढायला, उद्योग करायला आपणच सांगितलं. गट आपणच काढले. इंजिन बसलं तरी हप्ता थांबत नाही, आणि हप्ता चुकला की ती परत दिराच्या दारात. मग ही लढाई कुणाची?

कार्डावर नाही म्हणून हक्क नाही, असंही नसतं. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार, त्या मालाचा धंदा करणाऱ्याने विकलेला माल विकण्याजोगा असलाच पाहिजे. मात्र घेताना गाडी तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर सांगता येत नाही. म्हणून घेतानाच आपला मेकॅनिक न्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. तेही मागा, कोणी लाजू नका.

आम्ही काय केलं? फोनवरचं बोलणं बंद केलं आणि नकार लेखी मागितला. लेखी म्हटल्यावर मिस्टरांची आठवण कुणाला झाली नाही! इंजिन खोलू दिलं नाही, कारण आयोग तपासणीचा आदेश देऊ शकतो. ठिगळाचे फोटो काढले, मेकॅनिककडून सहीचा कागद घेतला. जुन्या कायद्यात व्यापाऱ्याच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागले असते. आता तक्रारदार राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला अलिबाग. दोन वर्षांच्या आत करायची. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तक्रार दाखल झाली आहे. अलिबाग श्रीवर्धनहून जवळ नाही आणि तारखेला एकटी बाई बाकावर बसलेली दिसली की समोरच्याला पुन्हा “घरचं कोणी?” सुचतं. रोहा आणि मुरूडच्या मैत्रिणींनी पुढच्या तारखेला यावं. भाचा येणार नाही. त्या दिवशी माणगावचा बाजार आहे आणि भाड्याच्या टेम्पोतून मासळी त्यालाच न्यायची आहे.