नावामागचे आसन

पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त अवघी 15 आसने आहेत. बहुतेकांची नावे कासव, कोंबडा, मोर, धनुष्य अशा दिसणाऱ्या गोष्टींवरून आलेली. मत्स्येंद्रासन मात्र एका माणसाचे नाव धारण करते. समुद्रकाठी शिव पार्वतीला योग सांगत होता, पार्वतीला डुलकी लागली आणि पाण्यातल्या माशाच्या पोटातून मत्स्येंद्राने ते सारे ऐकले, अशी नाथपंथीयांची कथा. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही परंपरा ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी स्वतःच सांगितली आहे. वर्गात मात्र पाठीला पीळ देताना हे क्वचितच कुणाच्या ध्यानात येते.

वीरभद्रासनाची गोष्ट वेगळी. दक्षाच्या यज्ञात सतीने देहत्याग केला, तेव्हा शिवाने आपटलेल्या जटेतून वीरभद्र उठला. कथा पुराणांतली, पण हे आसन हठप्रदीपिकेत नाही. नाव जुने म्हणून आसनही तितकेच जुने, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे ‘लाइट ऑन योगा’ 1966 साली आले. त्यात आसनाच्या कृतीआधी नावाचा अर्थ आणि कथा येते. वीरभद्रासनाला ‘वॉरियर पोज’ म्हटले की नेमकी वीरभद्राची कथाच गळते.

या अंकात आम्ही हीच वाट धरली आहे: आधी शब्दाची फोड, मग कथा, शेवटी ग्रंथातला पुरावा. एखाद्या आसनाचे वेगळे नाव किंवा कथा घरी, आखाड्यात ऐकली असेल, तर वाचकांनी आम्हाला जरूर कळवावी.